चिमूट डॉक्टर

माझा थोरला भाऊ लहान मुलांच्या खाण्याच्या अ‍ॅलर्जीवर संशोधन करतो. हे कुणाला सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच आदर येतो, आणि तो आदर मला बघवत नाही. असा माणूस घरात म्हणजे केवढं भाग्य, असं लोक म्हणतात. भाग्य कसलं, डोंबलाचं!

दादाला मी ओळखते ती त्याच्या नावामागे पदव्या लागायच्या आधीपासून. लहानपणी एकदा आईनं आम्हा दोघांना मावशीकडे पाठवलं. दादानं भलत्याच नंबरची बस पकडली आणि आम्ही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जिथे नुसती गोदामं होती, तिथे जाऊन उतरलो. मी भोकाड पसरलं. दादा कमरेवर हात ठेवून त्या गोदामांकडे बघत राहिला आणि म्हणाला, मला हेच बघायचं होतं. घरी आल्यावर आईलाही त्यानं तेच सांगितलं, वर गोदामं कशी बांधतात याची माहिती दिली. आई बिचारी कौतुकानं ऐकत होती. त्या दिवशी कुणीतरी त्याच्या कानाखाली एक वाजवायला हवी होती. पुढचं बरंच काही टळलं असतं.

दादाचा विभाग एका मोठ्या हॉस्पिटलच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टमधून बाहेर पडलं की समोर छोट्या छोट्या खुर्च्या आणि भिंतभर रंगवलेले मासे. त्यातल्या एका माशाला रंगारी डोळा काढायला विसरलाय. मी एकदा ते दाखवलं, तर दादा म्हणाला, तो मासा झोपलाय. आतल्या खोलीत काचेच्या पेटीत एक काटा आहे, इतका नाजूक की जवळ कुणी मोठ्यानं श्वास सोडला तरी आकडा हलतो. त्यावर शेंगदाण्याचं पीठ, अंड्याची भुकटी, दुधाची भुकटी असलं काय काय तोललं जातं आणि पोरांना चिमूट चिमूट खायला घालून अंगावर काही उठतंय का ते बघत बसतात. म्हणून पोरं त्याला चिमूट डॉक्टर म्हणतात. हे नाव आपल्याला आवडत नाही असं दादा दाखवतो. पण कुणी ते विसरलं, तर स्वतःच आठवण करून देतो.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर माणसं माझ्यासमोर बसतात आणि शेवटची ओळ दिसत नसताना बिनधास्त वाचून दाखवतात. अक्षरं मनची घालतात. चांगली शिकलेली माणसं हे जास्त करतात. मला त्याचा राग येत नाही, कारण चुकीचा चष्मा त्यांच्याच नाकावर बसतो. दादाचं तसं नाही. त्याला शेवटची ओळ दिसली नाही, तर चष्मा दुसऱ्यांच्या पोरांना लागतो.

मला दिवस गेले तेव्हा दादाचं नाव नुकतंच होऊ लागलं होतं. तो घरी आला आणि सोफ्यावर बसून बोट वर करून सांगू लागला: तू दाणे खायचे नाहीत, मूल झाल्यावर त्याला तीन वर्षांपर्यंत दाण्याचा वासही लागू द्यायचा नाही, घरातसुद्धा दाणा नको. त्या काळी सगळेच डॉक्टर असं सांगत, हे मला मान्य आहे. पण बाकीचे सांगत आणि दादा बजावत असे. सासूबाई तिथेच बसल्या होत्या. त्यांनी माझ्या नवऱ्यासकट पाच पोरांना दाणे चारून वाढवलं होतं. त्या म्हणाल्या, आमच्या पोरांना काही धाड भरली नाही. दादा हसला. अडाणी माणसाशी बोलताना हसायचं त्याचं एक वेगळं हसू आहे, डावा गाल तेवढा हलतो.

मी दादाच्या बाजूनं उभी राहिले. फडताळं धुवून काढली, डबे फेकले, सासूबाईंशी अबोला धरला. नवरा बिचारा दाणे खायला खाली नाक्यावर जायचा आणि वर येताना तोंड धुवून यायचा, जसा काही दारू पिऊन आलाय.

लेक झाली. तिला पहिले दोन दात वरचे आले, तेही चांगले रुंद, म्हणून सासूबाईंनी तिचं नाव ठेवलं खारूताई. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. दाण्याला हात न लावता वाढणारी खारूताई. आमच्या घरावर कुणालाही फुकट विनोद करता यावा, अशी ती सोय झाली.

खारूताई अडीच वर्षांची असताना शेजारच्या मुलीनं खेळता खेळता तिला आपलं अर्धं बिस्किट दिलं. त्यात दाण्याचं लोणी होतं. पाच-दहा मिनिटांत पोरीचे ओठ सुजले, डोळे मिटले, अंगभर गांधी उठल्या आणि श्वासाला शिटीसारखा आवाज यायला लागला. आम्ही कसं हॉस्पिटल गाठलं ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की दादा धावत वॉर्डात आला, पोरीची नाडी बघितली, ती वाचली आहे याची खात्री करून घेतली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बघितलंस? म्हणून सांगत होतो."

मी तेव्हा त्याच्या पाया पडायची बाकी राहिले होते. खरंच वाटलं, किती बरोबर होता हा!

पुढे काही वर्षांनी दुसऱ्या देशातल्या लोकांनी शेकडो बाळांवर नीट अभ्यास केला आणि उलटंच निघालं. ज्या बाळांना सहा महिन्यांपासून दाणे चाटवले, त्यांना ही अ‍ॅलर्जी फारच कमी झाली. ज्यांना जपलं, त्यांना जास्त झाली. मला हे दादानं सांगितलं नाही. दुकानात मी एका आजोबांच्या चष्म्याची दांडी वाकवत होते आणि रेडिओवर दादाची मुलाखत लागली. तोच आवाज, तोच ठसका. बोटही वर असणार, रेडिओवर दिसत नाही एवढंच. तो आयांना सांगत होता, बाळाला दाणे लवकर द्या, भिऊ नका, जुन्या समजुती सोडा. जुन्या समजुती! मुलाखत घेणाऱ्या बाईनं विचारलं की पूर्वी तर उलटं सांगत होते ना? दादा म्हणाला, विज्ञान पुढे गेलं आहे.

हे त्याचं खास वाक्य. दुसरा चुकला की तो चुकला. दादा चुकला की विज्ञान पुढे गेलं.

मी संध्याकाळी त्याला फोन केला. भांडायला नाही, नुसतं विचारायला. म्हटलं, मग माझ्या पोरीला हे आपण जपलं म्हणून झालं का? तो म्हणाला, एका मुलावरून असं काही सांगता येत नाही, आकडेवारीत एकटं मूल नसतं. मी म्हटलं, माझ्याकडे एकटंच आहे. त्यावर त्यानं मला संभाव्यता म्हणजे काय ते समजावून सांगितलं, आणि जेवायला बसायचं आहे म्हणून फोन ठेवला.

तेव्हापासून माझ्या मनातून तो उतरला. चुकीच्या सल्ल्यावरून नाही. सगळं जग चुकलं होतं, त्यात हाही. पण जगातले काही लोक निदान खाली बघून बोलायला लागले. यानं मान तीळभर खाली केली नाही. सासूबाईंनी मात्र कधी टोमणा मारला नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

यानंतर दादानं उपचाराचा प्रयोग काढला. आधीच अ‍ॅलर्जी असलेल्या पोरांना दाण्याचं पीठ अगदी कणभर द्यायचं, रोज, आणि महिने महिने हळूहळू वाढवत न्यायचं, म्हणजे शरीर सरावतं. कल्पना त्याची नव्हती, पण इथे चालू त्यानं केली, आणि ते काम चांगलं होतं हे मी नाकारणार नाही. खारूताई नऊ वर्षांची झाली तेव्हा तिलाही त्यात घेतलं. खरं तर नात्यातलं मूल त्यानं स्वतः तपासायचं नाही, असा नियम. म्हणून कागदावर त्याच्या हाताखालची डॉक्टरबाई तिची डॉक्टर. बाई तरुण होती, कमी बोलायची, आणि दादा खोलीत आला की आणखी कमी बोलायची. दादा दर वेळी खोलीत असायचाच. मी फक्त बघतोय, म्हणायचा, आणि बघता बघता सगळं स्वतःच करायचा.

खारूताईचा मामावर भारी जीव. तिच्या वर्गातली पोरं डबे एकत्र उघडत तेव्हा ती वेगळ्या बाकावर बसे. वाढदिवसाला गेली तर स्वतःचा केक डब्यातून नेई. पिशवीत इंजेक्शन. सहलीला जायचं तर मी सोबत, म्हणजे सहलीची मजाच गेली. या सगळ्यातून आपल्याला मामा बाहेर काढणार, हे तिनं पक्कं धरलं होतं. रोज चिमूट खाताना तोंड वाकडं करायची, पण चुकवायची नाही. मामा कधी चुकत नाही, असं ती मैत्रिणींना सांगे. हे तिला कुणी शिकवलं ते सांगायला नको.

दोन वर्षांनी शेवटची परीक्षा आली. ती अशी असते. मुलाला दोन वेगवेगळ्या दिवशी कोकोचं घट्ट पुडिंग खायला देतात. एका दिवशी त्यात चांगले मूठभर दाणे दळून मिसळलेले असतात, दुसऱ्या दिवशी काहीच नसतं. चवीत, वासात फरक कळू देत नाहीत. कुठल्या दिवशी काय, हे फक्त हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात पुडिंग करणाऱ्या बाईला ठाऊक. मुलाला नाही, आईला नाही, डॉक्टरलाही नाही. कारण माहीत असलं की मुलाला नुसत्या भीतीनंही खाज सुटते, आणि डॉक्टरला नुसत्या आशेनं किंवा धास्तीनं अंगावर नसलेलं दिसतं. हे मला दादानंच कितीदा तरी ऐकवलं होतं. या पद्धतीवर तो तासभर बोलू शकतो. माणसाच्या मनावर विश्वास ठेवायचा नाही, डॉक्टरच्या तर मुळीच नाही, हे त्याचं आवडतं भाषण.

पहिल्या दिवशी खारूताईनं वाटी वाटी करत सगळं पुडिंग संपवलं. काही झालं नाही. चित्रं रंगवत बसली, कंटाळली, घरी जायची वेळ झाली. आम्ही बाहेर छोट्या खुर्च्यांवर बूट घालत होतो आणि दादा दारात उभा राहून डॉक्टरबाईंना सांगत होता, आजचं नुसतंच पुडिंग होतं, पैजेवर सांगतो, इतक्या वर्षांच्या अनुभवानं मला कळतं, खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात. डॉक्टरबाईंनी डोळ्यांनी पोरीकडे खूण केली. पण दादाचं बोलणं एकदा सुरू झालं की त्याला डोळे कुठले दिसतात! खारूताईनं बुटाची नाडी अर्धी सोडून मान वर केली होती. तिनं सगळं ऐकलं.

मला तिथेच बोलायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी बोललेही. दादा म्हणाला, अगं, मी आपला अंदाज सांगितला. सगळ्या जगाला गप्प बसायचे धडे देणारा हा माणूस, आणि स्वतःच्या हुशारीचा टेंभा मिरवायचा मोह त्याला बुटांच्या नाड्या बांधेपर्यंतही आवरला नाही.

पुढचा आठवडाभर पोरगी जेवली नाही की नीट झोपली नाही. परीक्षेच्या दिवशी तिसऱ्या वाटीला तिनं मान खाजवायला सुरुवात केली. मग हात. मग म्हणाली, घसा कसातरी होतोय. मान लाल झाली होती, खाजवून खाजवून आणखी काय होणार? डॉक्टरबाईंनी स्टेथोस्कोप लावला, नीट ऐकलं आणि म्हणाल्या, छाती साफ आहे, जरा थांबू या. दादानं त्यांना हातानं बाजूला केलं. गांधी आहेत, म्हणाला. मी बघत होते, मला लाल रेघा दिसत होत्या, नखांच्या. दादाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं तिच्या मांडीत इंजेक्शन टोचलं, तेव्हा त्याचा हात इतका थरथरत होता की डॉक्टरबाईंनी त्याचं मनगट धरलं. खारूताईनं हे सगळं पाहिलं. तिचं लक्ष सुईकडे नव्हतं, मामाच्या तोंडाकडे होतं.

थोड्या दिवसांनी स्वयंपाकघरातल्या बाईकडून कळलं. दाणे पहिल्या दिवशी होते. दुसऱ्या दिवशीचं पुडिंग म्हणजे नुसता कोको.

म्हणजे माझी पोरगी मूठभर दाणे खाऊन चित्रं रंगवत बसली होती. फोनवर मला हे सांगताना डॉक्टरबाईंचा आवाजही ओला झाला होता. मी दुकानातच गिऱ्हाइकाच्या खुर्चीत जाऊन बसले. डोळे तपासायला आलेल्या बाईनं मला पाणी आणून दिलं.

पण ही गोष्ट इथे संपत नाही, कारण खारूताईनं ऐकूनच घेतलं नाही. आता रोज थोडे दाणे खात राहायचे होते. सराव मोडला तर शरीर सगळं विसरतं, कमावलेलं सगळं महिनाभरात निघून जातं आणि पुन्हा कणापासून सुरुवात. डॉक्टरबाईंनी हे मला स्पष्ट सांगितलं होतं. आणि पोरगी ओठ घट्ट मिटून बसली होती. मी समजावलं, बापानं समजावलं, डॉक्टरबाई घरी येऊन गेल्या. सगळ्यांना तिचं एकच उत्तर. मामानं सुई दिली. काही झालं नसतं तर मामानं सुई कशाला दिली असती? तुम्ही चुकत असाल. मामा चुकत नाही.

असं ते सगळं त्याच्या तोंडातल्या एका वाक्यावर येऊन अडलं. पोरीनं खावं म्हणून दादानं तिला सांगायला हवं होतं की माझं चुकलं. दोन शब्द. आणि जन्मात न उच्चारलेले.

मी त्याच्या ऑफिसात गेले. टेबलावर कागदांचा ढीग, मागे काचेच्या कपाटात मिळालेली मानचिन्हं, त्यातलं एक चमच्याच्या आकाराचं. मी सांगितलं काय हवं आहे ते. दादानं खुर्ची मागे रेलवली. म्हणाला, ते वैद्यकीयदृष्ट्या चूक नाही, शंका आली की इंजेक्शन द्यायचंच असतं, उद्या पुन्हा तशी वेळ आली तरी मी देईन. कठीण हे की यात तो खरंच बरोबर होता. शंका आली की द्यावंच. प्रश्न शंका कुठून आली हा होता.

"तिला वैद्यकीय काही नकोय," मी म्हटलं. "तू घाबरलास आणि तुझं चुकलं, एवढंच तिला सांग."

"असं सांगितलं तर तिचा माझ्यावर विश्वास कसा राहील?"

"दादा, तुझ्यावरच्या विश्वासापायीच ती दाणे तोंडात घेत नाहीये."

त्यानं टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाला की मी विचार करून एक योग्य मांडणी तयार करतो. मांडणी! मला वाटलं, ते चमच्याचं मानचिन्ह उचलावं आणि याच्या डोक्यात घालावं.

जाताना दादाच्या घरी वहिनीला भेटले. वहिनी शांत बाई, दादाच्या घरात दुसरा कुठला स्वभाव टिकलाच नसता. मी तिला म्हटलं, तू जरा सांगून बघ. ती म्हणाली, "अगं, लग्न झाल्यापासून मीही त्याच वाक्याची वाट बघतेय. तुझ्या आधी माझा नंबर आहे."

दिवस चालले होते. पोरीनं चिमूट सोडून तीन आठवडे होत आले तेव्हा एका रविवारी दादा आला. हातात कागद आणि रंगीत पेनं. खारूताईला समोर बसवून त्यानं चित्र काढलं: शरीर म्हणजे इमारत, दारावर पहारेकरी, दाणा म्हणजे पाहुणा, पहारेकऱ्याला तो चोर वाटतो, रोज भेटला की ओळख पटते. चित्र छान होतं. बोलणंही छान होतं. पोरगी हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. संपल्यावर तिनं विचारलं, "मग सुई का दिलीस?"

दादानं पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. म्हणाला, कसं असतं, निर्णय उपलब्ध माहितीवर घ्यावा लागतो. पोरीनं हनुवटीखालचा हात काढला. म्हणाला, त्या क्षणी त्वचेवर जे दिसलं.  मी ओट्याशी उभी होते, सासूबाई दारात. कुणीही त्याच्या मदतीला गेलं नाही.

"माझं चुकलं," दादा म्हणाला.

"काय चुकलं?"

एवढ्यावर सुटका होईल असं त्याला वाटलं असावं. त्याचे कान लाल झाले. "तुला काही झालं नव्हतं. मी घाबरलो. घाबरलो म्हणून मला नीट दिसलं नाही." मग तो थांबला, आणि कुणी न विचारता, टेबलाकडे बघत म्हणाला, "आणि तू झालीस तेव्हा तुझ्या आईला जे सांगितलं होतं, तेही चुकलं. तेव्हा ती माझं ऐकत होती. आजीचं ऐकायला हवं होतं."

मी रोज तिच्यासमोर दाण्यांची बशी ठेवत होते, तशी आजही होती. खारूताईनं त्यातला एक दाणा उचलला, दोन्ही बाजूंनी बघितला, आणि खाल्ला. मग दुसरा.

मी पातेलं घासायला घेतलं. स्वच्छच होतं, तरी घासलं. मला रडू येत होतं आणि या माणसासाठी रडू येतंय याचा संताप येत होता. दादानं माझ्याकडे न बघता पाणी मागितलं. मी दिलं. इतकी वर्षं मनात घोळवलेलं सगळं बोलणं त्या भांड्यात विरघळलं, आणि मी ठरवलं की आता झालं गेलं विसरायचं.

चांगले पाच-सहा महिने मी ते विसरले होते. पोरगी रोज संध्याकाळी दाणे खात होती. वर्गात सगळ्यांच्या बाकावर बसायला लागली. सहलीला एकटी जाऊन आली, आणि परत आल्यावर माझ्याशी बोलायलाही तिला वेळ नव्हता. मी सुखात होते.

मग दादाला कसल्याशा मोठ्या सभेत भाषणाचा मान मिळाला. त्यानं आग्रहानं आम्हाला बोलावलं, दुसऱ्या रांगेत बसवलं. मऊ खुर्च्या, थंडगार हवा, सगळ्यांच्या गळ्यात ओळखपत्रं. दादा उभा राहिला आणि अर्धा तास आकडे सांगून झाल्यावर म्हणाला की आता एक गमतीदार उदाहरण. पडद्यावर आलं: मुलगी, अकरा वर्षं. खारूताईनं माझा हात दाबला, आपलं चित्र वर्तमानपत्रात आल्यासारखी खूश होती.

दादानं सांगितलं की या मुलीला खोट्या पुडिंगानं त्रास झाला, घरातली, विशेषतः आईची, भीती मुलांमध्ये उतरते त्याचा हा नमुना. दारातली पैज त्यात नव्हती. थरथरणारा हात नव्हता. इंजेक्शन होतं, पण ते कुणी दिलं हे नव्हतं. मग मुलीनं खाणं नाकारलं. "तेव्हा मी एक युक्ती केली," दादा म्हणाला. "डॉक्टरनं मुलासमोर आपली चूक झाल्याचं सांगायचं. अगदी गंभीर चेहऱ्यानं. मुलाचा ताण उतरतो. मी याला नियोजित कबुली म्हणतो." पुढच्या पडद्यावर तेच शब्द मोठ्या अक्षरांत आले. "आपल्यासारख्यांना अभिनय जड जातो, पण करून बघा." सभागृह हसलं. पुढच्या रांगेतल्या एकानं ते लिहूनही घेतलं.

डॉक्टरबाई कडेच्या खुर्चीवर होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या खाली बघत होत्या.

माझ्या डोळ्यांपुढे ते टेबल आलं, ते लाल कान. ते नाटक होतं? माझा भाऊ इतका चांगला नट असेल असं मला वाटत नाही. पण खरं बोललेलं माणूस मागाहून लाजतं आणि ते नाटक होतं म्हणून सांगतं, असंही असेल. की खरंच मांडणी होती ती, ऑफिसात बसून तयार केलेली, आजीच्या उल्लेखासकट? मला सांगता येणार नाही. आजही सांगता येत नाही. एवढंच माहीत आहे की त्या माणसाला त्या रविवारसारखं माणूस होऊन राहणं सहा महिनेसुद्धा जमलं नाही.

बाहेर जिन्यात गर्दी होती.  पायऱ्या उतरून आम्ही रस्त्यावर आलो, बसथांब्यापर्यंत गेलो. तिच्या दप्तराच्या पुढच्या कप्प्यात दाण्यांची पुडी होती, संध्याकाळची.

"आई," ती म्हणाली, "मामा त्या दिवशी खरं बोलला होता ना? की ते पण औषधच होतं?"

माझ्या जिभेवर काय काय होतं ते मी इथे लिहीत नाही. तिच्या हाताकडे बघितलं. हात दप्तराच्या चेनवर होता, चेन अर्धी उघडी, आणि हात थांबलेला.

"खरं बोलला होता," मी म्हटलं.

"तुला कसं माहीत?"

"माझा भाऊ आहे तो. तो खोटं बोलला की मला लगेच कळतं."

"मग आत्ता तिथे का तसं म्हणाला?"

"एवढ्या लोकांसमोर त्याला लाज वाटली."

 तिनं चेन उघडली, पुडी काढली आणि बस येईपर्यंत दाणे खात उभी राहिली.

आता माझी अशी पंचाईत झालीय. घरात दादाचा विषय निघतो आणि नवरा किंवा सासूबाई त्याला दोन शब्द सुनावतात, अगदी मला सुनावायचे असतात तेच. परवा सासूबाई त्याच्या त्या भाषणावरून सुरू झाल्या, असा खोटारडा माणूस बघितला नाही म्हणाल्या. खारूताई समोर बसून दाणे खात होती.

"असं म्हणू नका," मी म्हटलं. "दादा मनाचा खरा आहे."

सासूबाई माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. पोरीचा हात बशीकडे गेला की नाही, तेवढं बघत होते.